डोळे मिटणं सगळ्यांना झेपत नाही

डोळे मिटून श्वासावर लक्ष दिलं की मानसिक आघात शरीरातून निघून जातो, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. शरीराला सोबत घ्यायला हवं हे शंभर टक्के मान्य. पण काहींना श्वासाकडे लक्ष गेलं की उलट जास्तच घाबरायला होतं. माझं तेच व्हायचं. मग थेरपिस्टने डोळे उघडेच ठेवायला लावले: टाचा जमिनीवर दाबायच्या, मान सावकाश वळवून दार कुठे, खिडकी कुठे ते बघायचं. रटाळ प्रकार, पण खांदे खाली येतात.

आणि पॉलिव्हेगल थिअरीचे (भीती आणि सुरक्षिततेची भावना व्हेगस या मज्जातंतूशी जोडणारा सिद्धांत) दाखले जरा जपून, तिच्या शरीरशास्त्रीय पायावरच संशोधकांत वाद आहेत. ईएमडीआरची (डोळे इकडून तिकडे फिरवत त्रासदायक आठवणींवर काम करायची थेरपी) मात्र पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच शिफारस केली आहे. (त्यात डोळे फिरवल्याने नेमकं काय होतं, यावर अजून भांडणं चालूच आहेत.)