मदत हवी आहे: आई ए पॉझिटिव्ह, बाबा बी पॉझिटिव्ह, मग मी ओ निगेटिव्ह कशी?

रानजाई:
चौथा महिना चालू आहे. तपासणीत माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आला. आईचा ए पॉझिटिव्ह, बाबांचा बी पॉझिटिव्ह, धाकट्या भावाचा एबी पॉझिटिव्ह. सासूबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "घरात कुणाचाच नाही असा गट कुठून आणलास गं?" सहज बोलल्या असतील, पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. बारावीला जीवशास्त्र होतं, पण मेंडेलचे वाटाणे सोडून काही आठवत नाही. लॅबची चूक असेल का? आईला विचारायचा धीर होत नाही.

सूक्ष्मदर्शी:
ताई, आधी शांत झोपा. चूक असायलाच हवी असं यात काही नाही.
रक्तगटाची जनुकं आपल्याकडे जोडीने असतात, एक आईकडून आणि एक बाबांकडून. ए आणि बी प्रभावी, ओ दबून राहणारा. त्यामुळे कार्डावर 'ए' लिहिलेला माणूस आतून ए-ए असेल किंवा ए-ओ, कार्ड ते सांगत नाही. तुमची आई ए-ओ आणि बाबा बी-ओ असणार. तुम्हाला दोघांकडून ओ आला, भावाला एकीकडून ए, दुसरीकडून बी. याच जोडप्याला ए, बी, एबी, ओ चारही गटांची मुलं होऊ शकतात.
निगेटिव्हचंही तसंच. पॉझिटिव्ह प्रभावी, म्हणून दोघं पॉझिटिव्ह असूनही आत एकेक निगेटिव्ह जनुक लपलेलं असू शकतं. असे आई-बाबा असतील तर ओ यायची शक्यता 1/4, निगेटिव्ह यायचीही 1/4. ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर (9 आणि 1), म्हणून गुणाकार करायचा: 1/16.

बाकावरचा:
म्हणजे सोळा मुलं झाली तर एक? :)

सूक्ष्मदर्शी:
नाही हो. प्रत्येक बाळंतपणाला नव्याने 1/16. आधीच्या मुलाला काय मिळालं याचा हिशोब जनुकं ठेवत नाहीत.

भेळपुरी:
आई किंवा बाबा एबी असते आणि मूल ओ निघालं असतं, तर कोडं पडलं असतं. तेव्हाही लगेच संशय घेऊ नये. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद केली. ए आणि बी ज्या एच पदार्थावर उभे राहतात तोच या लोकांत नसतो. त्यामुळे आत ए किंवा बीचं जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत गट ओ दिसतो. अशा माणसाला साधं ओ रक्तही चालत नाही, बॉम्बेच लागतं. तुमच्या बाबतीत इतक्या लांब जायची गरजच नाही.

दोन_लेकरांची_आई:
सगळे गणितात रमलेत, मुद्द्याचं कुणी विचारलंच नाही. नवऱ्याचा गट काय? तो पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाचं रक्त तुमच्या रक्तात मिसळलं की तुमचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं. पहिल्या बाळाला बहुधा त्रास होत नाही, पुढच्याला होतो. म्हणून इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट (तुमच्या रक्तात अशा अँटिबॉडी आहेत का ते बघणारी) आणि त्या तयार होऊ न देणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मला 28व्या आठवड्यात दिलं होतं, आणि मुलगी पॉझिटिव्ह निघाल्यावर 72 तासांच्या आत पुन्हा. मधे कधी रक्तस्राव झाला तर थांबू नका, लगेच कळवा. लॅबची शंका असेल तर गट पुन्हा तपासून घ्या, फार खर्च नाही.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. शेवटी आईला फोन केलाच. ती आधी हसली, मग म्हणाली, "अगं, तुझी आत्या बी निगेटिव्ह आहे की! तिच्या बाळंतपणात ते इंजेक्शन शोधत तुझे बाबा गावभर हिंडले होते." आजी-आजोबा दोघंही पॉझिटिव्ह!

सूक्ष्मदर्शी:
मग दोघांकडेही ते जनुक लपलेलं होतं. आत्याला दोन्हीकडून मिळालं, बाबांना एकाकडून. तेच तुमच्यापर्यंत आलं.

रानजाई:
सासूबाईंना आत्याचं सांगितलं. आता त्या स्वतःचं जुनं कार्ड शोधतायत. ह्यांचा बी पॉझिटिव्ह आहे. सोमवारी कूम्ब्स टेस्ट.