मदत हवी आहे: वरचा नट आवळला की हँडल जड होतं

जुन्या मोटरसायकलचा छर्‍यांचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) काढून टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरचे, बेअरिंग टाकले आहेत. (कपांत छर्‍यांचे खड्डे पडले होते, हँडल सरळ होताच तिथेच अडकायचं.) नवे कप तळाला टेकलेत, रोलरच्या आतपर्यंत ग्रीस भरलंय. पुढचं चाक अधांतरी ठेवून अ‍ॅडजस्टर नट (बेअरिंगवरचा दाब ठरवणारा) लावला, तर हँडल दोन्हीकडे आपसूक पडतं, खडखड नाही. पण वरचा मोठा नट आवळला की जड. आट्यांमधली ढील निघून बेअरिंगवर दाब वाढतो, हे उघड आहे. मग अ‍ॅडजस्टर आधीच किती सैल ठेवायचा? पाव फेरा मला जास्त वाटतो. आणि वरचा नट आवळताना फोर्कचे (पुढचं चाक धरणार्‍या दांड्यांचे) फक्त वरचे क्लॅम्प बोल्ट सैल ठेवायचे, की खालचेही?