'केन्रोकुएन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : नोव्हेंबरात जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या कानाझावाला जाऊन आलो. तिथल्या 'केन्रोकुएन' बागेवर लिहितो आहे. 'रोकु' म्हणजे सहा, 'एन' म्हणजे बाग. मग 'षड्गुण उद्यान' चालेल का? दोन पायांच्या दगडी दिव्याला (कोतोजी) आणि झाडांना बांधलेल्या दोरांनाही (युकित्सुरी) शब्द हवेत.

उत्तर : 'षड्गुण' म्हटलं की आपल्याला भगवंत आठवतो, आणि 'केन' तर गळूनच जातं. खरी गोम त्या 'केन'मध्येच आहे. केन म्हणजे दोन्ही एकत्र बाळगणं. हे सहा गुण जुन्या चिनी लेखनातून आलेत : ऐसपैसपणा आणि एकांत, माणसाची कारागिरी आणि जुनेपणाची कळा, मुबलक पाणी आणि दूरवरचा देखावा. जोडीतला एक आला की दुसरा जातो. पाणी सखलात साचतं, देखावा उंचावरून दिसतो. माएदा या तिथल्या सरदार घराण्याने वसवलेली ही बाग मात्र उंचावर असूनही तळ्या-ओढ्यांनी भरलेली आहे, कारण 1632 साली काढलेल्या तात्सुमी कालव्याचं पाणी तिला मिळालं. म्हणून मी क्रियापद घेईन 'नांदणं'. परक्या घरात सगळ्यांशी जुळवून राहणं आपण त्याच शब्दाने सांगतो. 'सहाही गुण नांदतात ती बाग' असं एकदा लिहा, पुढे नाव केन्रोकुएनच ठेवा. विशेषनामाचं भाषांतर मला पटत नाही.

कोतोजी सोपं आहे. कोतो या तंतुवाद्याच्या तारांखालची घोडी ती. फक्त सतारीला वाजवायच्या सगळ्या तारांची मिळून एक घोडी असते, कोतोच्या 13 तारांना प्रत्येकी वेगळी. दिव्याचा एक पाय पाण्यात, आखूड पाय काठच्या दगडावर. आकार तंतोतंत घोडीचा.

युकि म्हणजे बर्फ, त्सुरी म्हणजे टांगणं. तंबूच्या दोरांना म्हणतात तसे 'तणावे' म्हणता येईल.

प्रश्नकर्ता : घोडी आवडली. तणाव्याला मात्र मन घेत नाही. तणावा खाली खुंटीकडे ओढतो. तिथे कारासाकी नावाच्या पाइनच्या झाडाशेजारी उंच खांब रोवले होते आणि त्यांच्या टोकांवरून गवताचे दोर छत्रीच्या काड्यांसारखे उतरून एकेका फांदीला बांधले होते. ओलं, जड बर्फ पडलं की फांदी मोडू नये म्हणून. आमच्या कोकणातल्या घरी आढ्याला दह्याचं शिंकं असायचं. ओझं वरून तोलणारं. मला तेच आठवलं.

उत्तर : शिंकं! माझा तणावा मागे घेतो. 'फांद्यांना बांधलेली शिंकी' असंच लिहा.