सिलिकॉन समदिक् असताना त्याची क्वार्टर-वेव्ह प्लेट कशी होते?

प्रश्न

नमस्कार. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या रेषीय ध्रुवित प्रकाशाचे वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशात रूपांतर करणारा पातळ थर, म्हणजे एका ध्रुवणाला दुसऱ्याच्या तुलनेत पाव तरंगाने मागे टाकणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट, हा माझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा विषय आहे. कॅल्साइटमध्ये दोन ध्रुवणांचे अपवर्तनांक मुळातच वेगळे असतात (५८९ नॅनोमीटरला १.६५८ आणि १.४८६), हे समजते. सिलिकॉनचा स्फटिक मात्र घनीय असल्याने त्यात असा फरक नसतो. तरीही त्यात समांतर रेषा कोरल्या की तो द्विअपवर्तनी (दोन ध्रुवणांना दोन अपवर्तनांक असलेला) होतो, असे वाचले. पदार्थ तोच असताना ही विषमदिक्ता येते कुठून, आणि ती उपयोगी पडण्याइतकी मोठी असते का?

उत्तर १

ती पदार्थातून नव्हे, रचनेतून येते. रेषांची आवर्तता तरंगलांबीपेक्षा बरीच लहान असेल, तर प्रकाशाला सुट्या रेषा जाणवत नाहीत, एकच सरासरी माध्यम जाणवते. पण ही सरासरी दोन दिशांना दोन वेगळ्या रीतींनी होते. विद्युत क्षेत्र रेषांना समांतर असल्यास ते सिलिकॉन आणि हवा या दोहोंत सारखेच राहते, म्हणून डायइलेक्ट्रिक स्थिरांकांची (म्हणजे अपवर्तनांकांच्या वर्गांची) साधी सरासरी चालते. क्षेत्र लंब असल्यास प्रत्येक सीमेवर विद्युत विस्थापन (डायइलेक्ट्रिक स्थिरांक आणि क्षेत्र यांचा गुणाकार) अखंड राहावे लागते, त्यामुळे क्षेत्र मुख्यतः हवेच्या फटींत एकवटते आणि सरासरी व्यस्तांकांची घ्यावी लागते. सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४८ आणि रेषा व फटी सारख्याच रुंदीच्या धरल्या, तर अनुक्रमे २.५६ आणि १.३६ ही मूल्ये मिळतात. हा १.२ चा फरक कॅल्साइटच्या सुमारे सातपट आहे! १५५० ला ४ × १.२ ने भागल्यास जाडी सुमारे ३२३ नॅनोमीटर येते. क्वार्ट्झला याच कामासाठी चाळीसहून अधिक मायक्रोमीटर लागतात.

उत्तर २

वरील गणित योग्य आहे, पण केवळ त्याच्या आधारे नमुना बनवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हवेकडील पृष्ठभागावर समांतर ध्रुवणाचा सुमारे १९ टक्के प्रकाश परावर्तित होतो, लंब ध्रुवणाचा जेमतेम २ टक्के. शिवाय थराच्या आत पुन्हा पुन्हा होणारी परावर्तनेही कलांतर (दोन ध्रुवणांच्या तरंगांमधले अंतर, पाव तरंग म्हणजे ९० अंश) बदलतात. त्यामुळे कलांतर ९० अंश साधले तरी दोन्ही घटकांचे आयाम असमान राहून प्रकाश लंबवर्तुळाकार ध्रुवित होऊ शकतो. दोन्ही ध्रुवणांचे पारगमन आधी स्वतंत्रपणे मोजावे आणि आपाती ध्रुवणाची दिशा ४५ अंशांवरून क्षीण घटकाकडे किंचित वळवावी. आवर्तता ४०० नॅनोमीटरच्या घरात असेल, तर सरासरीचे सूत्र अंदाजापुरतेच धरून संपूर्ण विद्युतचुंबकीय गणन करावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. रेषांची दिशा जागोजागी बदलली, तर काय होईल?

उत्तर १

जाडी दुप्पट करून हाफ-वेव्ह थर घेतल्यास वर्तुळाकार ध्रुवणाची फिरण्याची दिशा उलटते आणि रेषा जितक्या कोनातून वळवाव्यात त्याच्या दुप्पट कला प्रकाशाला मिळते. ही भौमितिक कला भौतिकशास्त्रज्ञ एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत स्फटिकांवर काम करताना मांडली होती. आपण आधी एकाच दिशेच्या रेषांचा थर नीट जमवावा. पुढे हेच तत्त्व वापरून सपाट भिंगही करता येते.