ऐरोलीच्या ऑफरमधलं नॉन-कॉम्पिट, सही करू का?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात न्यू जर्सी सोडून कायमचे ठाण्याला येतोय, बाबांचं डायलिसिस सुरू झालंय आणि नौपाड्यात आई एकटी किती धावणार. ऐरोलीतून ऑफर आलीये, पगार बरा आहे, पण लेटरच्या अकराव्या पानावर लिहिलंय की नोकरी सोडल्यावर एक वर्ष मुंबई, ठाणे, पुण्यात "सारख्या स्वरूपाचं काम" करायचं नाही. अहो मी बारा वर्षं पेमेंट्सच केलंय, दुसरं काय करणार! एचआर म्हणते सगळेच सही करतात. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कोणाला अनुभव आहे का?

---

दादा, आधी बाबांची काळजी घ्या. मी परत येऊन चार वर्षं झाली, घणसोलीत असते, म्हणून सविस्तर लिहिते.

जर्सीत कोर्ट बघतं की अट रीझनेबल आहे का, इथे तसं नाही, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सरळ सांगतं की धंदा-नोकरीला आडकाठी करणारा करार रद्दबातल, त्यामुळे नोकरी सोडल्यानंतरची अट कोर्टात टिकत नाही. २००६ मध्ये झहीर खानच्या केसमध्येही सुप्रीम कोर्टानं हेच धरलं. पण नोकरीत असताना घातलेलं बंधन चालतं हं! १९६७ ची गोलिकरी केस तर आपल्या कल्याणची, टायरकॉर्ड कारखान्यातले शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून दुसऱ्या कंपनीत गेले आणि हरले, कारण मुदत संपलेली नव्हती. बाँड (मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट) असेल तर तोही नीट वाचा, २०२५ मध्ये एका बँकेचा २ लाखांचा बाँड कोर्टानं मान्य केलाय.

आता माझं सांगते. कोर्टात कोणी गेलंच नाही, पण अशाच नॉन-कॉम्पिटच्या अटीवर बोट ठेवून माझ्या आधीच्या कंपनीनं रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) दोन महिने अडवलं, आणि त्याशिवाय नवी कंपनी जॉइन करून घेईना. घरात ईएमआय चालू, रोज सकाळी उठून आधी मेल उघडायचे. खूप वाईट गेले ते दिवस. म्हणून कायदा आपल्या बाजूनं आहे म्हणून डोळे मिटून सही करू नका, ते वाक्य काढायला मेलवर सांगा, फोनवर नको. गुप्ततेच्या अटीला आणि क्लायंट न पळवण्याच्या अटीला हो म्हणा, ते रास्तच आहे. आणि नोटीस पूर्ण केल्यावर किती दिवसांत लेटर देणार ते लिहून घ्या.

---

ताई, खूप आभार. आजच मेल टाकला. एक वर्षाचं वाक्य काढताहेत, नोटीस मात्र ९० दिवसच म्हणतात. लेटरच्या मुदतीचं उत्तर आलं नाहीये, ते आल्याशिवाय सही करत नाही.