हिरवा पडदा काढलेल्या क्लिपला उजेडात काळी कड, अंधारात नाही

खानदेशी_कट: राम राम मंडळी. कानबाई देवीच्या अहिराणी गाण्याच्या व्हिडिओचं काम चालू आहे. नाचणाऱ्या बाया हिरव्या पडद्यावर शूट केल्या, मागे लळिंग किल्ल्याचं भर दुपारचं दृश्य टाकायचंय. आफ्टर इफेक्ट्समध्ये कीलाइट इफेक्टने क्रोमा (पडद्याचा हिरवा रंग) काढला, पारदर्शकता टिकवणाऱ्या प्रोरेस ४४४४ फॉरमॅटमध्ये रेंडर केलं आणि क्लिप रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणली. केसांभोवती आणि पदराला बारीक काळी रेघ येते. तीच क्लिप रात्रीच्या दृश्यावर ठेवली तर रेघ दिसत नाही. सिंपल चोकर (कड आत ओढणारा इफेक्ट) लावला की रेघ जाते, पण केसांच्या बटाही जातात.

तापीकाठ: चोकर काढा भाऊ, मॅट (काय दिसेल आणि काय पारदर्शक हे ठरवणारा काळा-पांढरा साचा) चांगला आहे. अल्फाचा, म्हणजे पिक्सेल किती भरीव ते सांगणाऱ्या आकड्याचा (० पारदर्शक, १ भरीव), गुणाकार दोनदा होतोय.

कडेचा एक पिक्सेल घ्या: रंग ०.८ (० काळा, १ पांढरा), अल्फा ०.५. प्रीमल्टिप्लाइड फाइलमध्ये रंग अल्फाने आधीच गुणून ०.४ झालेला असतो. मागचं आभाळ ०.९ असेल तर त्याचा अर्धा वाटा ०.४५, बेरीज ०.८५. रिझॉल्व्हने फाइल स्ट्रेट, म्हणजे न गुणलेली, समजली तर ०.४ ला पुन्हा ०.५ ने गुणतो, उरतात ०.२, बेरीज ०.६५. म्हणजे कड बाईपेक्षाही काळी आणि आभाळापेक्षाही काळी, म्हणून रेघ. रात्रीचं दृश्य ०.०५ धरा: बरोबर उत्तर ०.४२५, चुकीचं ०.२२५. दोन्ही आकडे ०.८ आणि ०.०५ यांच्या मधलेच, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही. चूक तिथेही आहेच.

मीडिया पूलमध्ये क्लिपवर राइट क्लिक, क्लिप ॲट्रिब्यूट्स, अल्फा मोड प्रीमल्टिप्लाइड करा. आफ्टर इफेक्ट्सच्या आउटपुट मॉड्यूलमध्ये 'कलर' समोर काय निवडलं होतं तेही बघा. दोन्हीकडे एकच हवं. उलटी गफलत झाली, म्हणजे स्ट्रेट फाइल प्रीमल्टिप्लाइड म्हणून वाचली, तर कड उजळ आणि जाडसर दिसते.

नोडवाला: अजून एक. फ्यूजनमध्ये (रिझॉल्व्हमधलं इफेक्ट्सचं पान) या क्लिपचा रंग सुधारणार असाल तर कलर करेक्टरमधलं प्री-डिव्हाइड/पोस्ट-मल्टिप्लाय चालू ठेवा. गुणलेल्या रंगावर लिफ्ट (गडद भाग उजळ करणारं सेटिंग) वाढवली तर पारदर्शक भागातही रंग भरतो आणि बाईभोवतीचं सगळं दृश्य धुरकट होतं. लोक ते मॅटवर ढकलतात आणि तासभर कीलाइटचं क्लिप ब्लॅक (मॅटचा करडा भाग काळा करणारं सेटिंग) ओढत बसतात.

खानदेशी_कट: अल्फा मोड बदलला, रेघ गेली. फाइल फार जड आहे, एडिटरला एच.२६४ करून पाठवली तर?

तापीकाठ: नको, नेहमीच्या एच.२६४ मध्ये अल्फा राहतच नाही. प्रोरेस ४२२ मध्येही नाही, एचक्यू असला तरी. ४४४४ च ठेवा, फक्त लागणारे तुकडे रेंडर करा.

केळीबाग: कानबाईचं गाणं म्हणजे हातात हिरवा चुडा असणार. मनगट नीट बघा, बांगड्यांतून किल्ला दिसत असेल. कीलाइटमध्ये स्क्रीन मॅट व्ह्यू लावा. बांगड्या पांढऱ्याशुभ्र हव्यात, करड्या दिसल्या तर तिथे भोक आहे. त्यासाठी क्लिप व्हाइट (मॅटचा करडा भाग पांढरा करणारं सेटिंग) खाली ओढू नका, केसांची कड दगडी होते. मूळ क्लिपची प्रत खालच्या लेयरवर ठेवा, क्रोमा न काढता, आणि फक्त चुड्यापुरता मास्क फ्रेमगणिक हलवा. मास्क बांगडीच्या आतच ठेवा, बाहेर गेला तर पडदा दिसेल. स्पिल सप्रेसर (पडद्याची हिरवी झाक काढणारा इफेक्ट) या प्रतीवर लावू नका, चुडा राखाडी पडतो. पुढच्या शूटला हिरवं लुगडं किंवा चुडा असेल तर निळा पडदा बांधा.