दीड लाख पगार घेणाऱ्याला समाजसेवक म्हणायचं का?

रोखठोक: एका सेवाभावी संस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार महिना दीड लाख! संस्थेला प्राप्तिकर माफ, आम्हाला करसवलतीसाठी ८०जीची पावती, आणि आमच्या देणगीवर यांची घरं चालणार. माझे वडील सोळा वर्षं गावच्या वाचनालयाचे कार्यवाह होते. एक पैसा घेतला नाही, चहासुद्धा घरून न्यायचे. करमाफीच्या संस्थेत पगार घेणं हीच लबाडी आहे. सरकारने हे बंद करावं.

ताळेबंद: झोपायला निघालो होतो, पण हे वाचून राहवेना. माफी संस्थेच्या उत्पन्नाला असते हो, माणसाच्या पगाराला नाही. त्या दीड लाखावर तुमच्या-माझ्यासारखाच स्लॅबप्रमाणे टीडीएस कापतात. संस्थेने उत्पन्नाचे किमान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्चायचे असतात आणि कामासाठी दिलेला वाजवी पगार त्यातच धरला जातो. प्राप्तिकर कायदा पकडतो तो कलम १३ मध्ये. संस्थापक, विश्वस्त, व्यवस्थापक किंवा त्यांचे नातेवाईक यांना कामाच्या मानाने जास्त दिलं की झालं. पूर्वी अख्ख्या उत्पन्नाची सवलत धोक्यात यायची. २०२२च्या दुरुस्तीनंतर जादा दिलेल्या रकमेवर ३० टक्के कर, शिवाय त्या जादा रकमेइतकाच दंड. पुढच्या एखाद्या वर्षी पुन्हा सापडलात तर दंड दुप्पट. (ही १९६१च्या कायद्याची कलमं. २०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत.) तेव्हा त्या संस्थेला विचारायचंच असेल तर विचारा, की हा माणूस कुणाच्या नात्यातला आहे का आणि पगार कुणी ठरवला.

जुना_विश्वस्त: 'वाजवी' म्हणजे किती, हे कायद्यात कुठे लिहिलंय? आमच्या संस्थापकांच्या सूनबाई वसतिगृह सांभाळायच्या. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) घेतलेल्या, महिना ३५ हजार. प्राप्तिकर अधिकाऱ्याने पात्रता, हजेरी, पगाराचा ठराव, शिवाय अशाच कामाला दुसरीकडे काय देतात, सगळं मागितलं. आमचा ठराव दोन ओळींचा. दोन वर्षं खेटे घातले. आता नात्यातल्या माणसाचा विषय निघाला की संबंधित विश्वस्त खोलीबाहेर जातो आणि तुलनेचे पगार इतिवृत्तात लिहितो. बाई रात्री-अपरात्री मुलींना दवाखान्यात न्यायच्या, त्याची हजेरी कोण मांडणार?

एडिसनकर: इकडे अमेरिकेत ना-नफा संस्थांचा फॉर्म ९९० कुणालाही पाहता येतो, त्यात वरच्या लोकांचे पगार नावानिशी असतात. वाजवीपेक्षा जास्त उचललं तर कलम ४९५८ खाली घेणाऱ्यावरच २५ टक्के कर, आणि पैसे परत केले नाहीत तर २०० टक्के. जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या संचालकांवरही १० टक्के. तुमच्याकडे कर आणि दंड दोन्ही संस्थेवर बसतात, म्हणजे शेवटी देणगीदाराच्याच पैशातून जातात. मला हे पटत नाही.

रोखठोक: अमेरिकेचं पुराण नको. पण हा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, तो मान्य.

पायवाट: तुम्ही सगळे वरच्यांच्या पगारावर भांडताय. मी आदिवासी पाड्यांवर ११ वर्षं एका संस्थेत काम केलं. पगार नाही, 'मानधन'. शेवटी महिना २६ हजार. त्यातून १० टक्के, म्हणजे २६०० रुपये, व्यावसायिक फीवरचा टीडीएस म्हणून कापायचे. माझ्यावर कर शून्य, तरी तो परत मिळवायला दरवर्षी रिटर्न भरा आणि वाट बघा. पीएफ नाही. सोडताना ग्रॅच्युइटी मागितली तर म्हणाले, ताई, तुम्ही सल्लागार. दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराच्या हिशोबाने १ लाख ६५ हजार होत होते. सल्लागाराला कुणी सकाळी साडेनऊला सही करायला लावतं का?

जुना_विश्वस्त: ताई, संस्थांचीही अडचण समजून घ्या. परदेशी देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा सरकारने २०२० साली ५० टक्क्यांवरून २० वर आणली. प्रकल्प तीन वर्षांचा, माणूस कायमचा कसा घ्यायचा?

पायवाट: अकरा वर्षं तीन वर्षांचाच प्रकल्प चालू होता का? आणि पाड्यावर फिरणारी मी प्रशासकीय खर्च कशी झाले?

ताळेबंद: क्षेत्रात काम करणारी माणसं त्या मर्यादेत धरत नाहीत, हे ताईंचं खरं. मानधनावर पगारदारांची ७५ हजारांची प्रमाणित वजावटही मिळत नाही. आता कबूल करतो, सीए म्हणून मीही दोन-तीन संस्थांना मानधन सुचवलंय. हिशोब सोपा पडतो म्हणून. चुकलंच.

रोखठोक: म्हणजे सीए लोकच शिकवतात! मी म्हणतो तेच. सेवा करायची तर पैसे मागू नयेत, म्हणजे ही भानगडच उरत नाही.

पायवाट: तुमचे वडील सोळा वर्षं फुकट काम करत होते तेव्हा घर कुणाच्या पगारावर चालत होतं?

रोखठोक: वडिलांवर जायचं काम नाही! त्यांच्या नखाची सर नाही कुणाला.

देणगीदार_ठाणे: वैयक्तिक होऊ नका. पण प्रश्न रास्त आहे.

रोखठोक: (दुसऱ्या दिवशी) आईच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत होती ती. सकाळी फोनवर विचारलं तर म्हणाली, वाचनालयाच्या शिपायाचे पैसे थकले की तेही तीच द्यायची, बाबांना न सांगता. मला माहीत नव्हतं. दीड लाख मला अजूनही जास्तच वाटतात. त्या संस्थेला ठरावाची प्रत मागणारं पत्र टाकतोय.

ताळेबंद: पायवाट ताई, तुमच्याकडे माणसं किती होती? दहा किंवा जास्त असतील तर नुसतं 'मानधन' लिहिल्याने ग्रॅच्युइटी बुडत नाही. काम कुणाच्या हुकमाखाली होतं ते बघतात. ग्रॅच्युइटीचे दावे पाहणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा, उशिराचं कारण लिहावं लागेल.

पायवाट: चौदा होतो. हजेरीची वही संस्थेकडेच आहे, पण रजेचे अर्ज मी जपून ठेवलेत. सगळ्यांवर 'मंजूर' लिहून सही आहे.